मिराज ग्वाल्हेरचे, मग चिन्ह फ्रान्सचे का? विमानांच्या मॉडेलवरील डिकलविषयी थोडे

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील हस्तकला प्रदर्शनात रांगोळी, भरतकाम आणि मखरांच्या शेजारी आता लढाऊ विमानांच्या प्लास्टिक मॉडेलचेही एक टेबल असते. मांडणारे आम्ही पाच-सहा जण. त्यातले निम्मे निवृत्त आणि निम्मे शाळा-कॉलेजातले. टेबलापाशी दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : "हे विमान तर आपल्या महाराजपूरचे मिराज आहे, मग त्याच्यावर निळ्या-पांढऱ्या-लाल रंगाचा गोल कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या शहराच्या डोक्यावरून १९८५ सालापासून मिराज उडत आहेत, त्या शहरात फ्रान्सचे चिन्ह लावलेले मिराज पाहिले की कोणालाही चुकल्यासारखे वाटणारच.

याचे कारण साधे आहे. मिराज २००० चे किट बनवणाऱ्या कंपन्या परदेशातल्या आहेत. हेलर फ्रान्सची, इटालेरी इटलीची, कायनेटिक हाँगकाँगची. त्यांचे मोठे गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेत, म्हणून खोक्यात बहुतेक वेळा फ्रान्सच्या वायुसेनेच्या खुणा येतात. भारतीय खुणा हव्या असतील तर त्या बहुधा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. किटबरोबर न येणाऱ्या, दुसऱ्याच कोणीतरी छापून विकलेल्या या खुणांच्या पत्रकाला मॉडेलवाले 'आफ्टरमार्केट डिकल' म्हणतात. मोटारीला कंपनीने न दिलेले सीट कव्हर आपण बाजारातून आणून घालतो, त्यातलाच हा प्रकार.

डिकल म्हणजे नेमके काय?

डिकल आपल्याला वाटते तितके परके नाही. आपल्या आजीच्या शिवणयंत्रावरची सोनेरी वेलबुट्टी आठवा. जुन्या सायकलच्या दांडीवरचे कंपनीचे नावही आठवा. ती नक्षी हाताने रंगवलेली नसे. कागदावर छापून मग यंत्रावर उतरवलेली असे. चिनी मातीच्या कपबश्यांवरची फुलेही बऱ्याचदा अशीच उतरवतात.

मॉडेलच्या डिकलमध्ये चार थर असतात. सर्वांत खाली जाडसर, पाणी शोषणारा कागद. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर. त्यावर पारदर्शक लाखेची अतिशय पातळ पापुद्र्यासारखी फिल्म. आणि तिच्यावर शाईने छापलेले चिन्ह. पत्रकाचा तुकडा पाण्यात बुडवला की कागद भिजतो, डिंक सुटतो आणि फिल्म चिन्हासकट सरकू लागते. ती मॉडेलवर सरकवायची, जागेवर बसवायची आणि खालचे पाणी टिपून घ्यायचे. स्टिकर एकदा चिकटला की हलत नाही. डिकल मात्र ओले असेपर्यंत मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे करता येते, आणि या कामात तोच मोठा आधार असतो.

फिल्म पातळ असण्यावर एवढा भर का, तेही सांगतो. आमचे बहुतेक काम एकास बहात्तर या प्रमाणात असते. खरे मिराज सुमारे १४.३६ मीटर लांब. ७२ ने भागले की मॉडेल २० सेंटिमीटरच्या आसपास येते. एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात तेच ३० सेंटिमीटर. आता हिशेब उलटा करा. फिल्म माणसाच्या केसाइतकी जाड असली, तर ७२ ने गुणल्यावर खऱ्या विमानावर ती पाच मिलिमीटर जाड पत्र्यासारखी झाली असती. खरी खूण म्हणजे नुसता रंगाचा थर असतो. म्हणून चांगल्या डिकलची पहिली ओळख अशी, की लावल्यावर त्याची कड दिसता कामा नये.

अक्षरांचेही तेच. विमानावर २० सेंटिमीटर उंचीचे अक्षर असेल तर ७२व्या भागात ते पावणेतीन मिलिमीटरचे होते. पायऱ्या, झडपा आणि इंधनाची तोंडे यांच्याजवळ लिहिलेल्या बारीक सूचना, ज्यांना 'स्टेन्सिल' म्हणतात, त्या तर नुसत्या डोळ्यांना रेघेसारख्या दिसतात. तरी चांगल्या छपाईत भिंगाखाली त्या वाचता येतात.

चांगले पत्रक कसे ओळखावे?

आमच्यापैकी काहींची नोकरी बँकेत गेली, त्यामुळे छपाई तपासण्याची सवय हाताला आहे. खरी नोट उजेडापुढे धरली की पुढची आणि मागची अर्धी-अर्धी नक्षी जुळून पूर्ण आकडा दिसतो. छपाईत रंगावर रंग किंवा बाजूवर बाजू अशी तंतोतंत बसणे याला रजिस्टर म्हणतात. डिकलमध्येही प्रत्येक रंग वेगळा छापला जातो. दर्जेदार पत्रके स्क्रीन प्रिंटिंगने होतात, म्हणजे रंगागणिक एक जाळी. जाळी केसभर सरकली की पांढरा गोल केशरी गोलाच्या मधोमध बसत नाही. इटलीची कार्टोग्राफ ही छपाई करणारी संस्था याच नेमकेपणासाठी जगभर नावाजलेली आहे. किट बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या आपली पत्रके तिच्याकडून छापून घेतात आणि तसे खोक्यावर अभिमानाने लिहितात.

पत्रक हातात आले की पाच गोष्टी पाहाव्यात.

१. रजिस्टर. गोलांची केंद्रे जुळतात का? भिंग लावून पाहावे.

२. रंगाचा भरीवपणा. पांढऱ्या आणि केशरी रंगाखालून मॉडेलचा गडद रंग दिसला तर गोल मळका वाटतो. चांगले छापणारे हलक्या रंगाखाली पांढऱ्याचा पक्का थर देतात.

३. छटा. आपल्या केशरीच्या जागी नारिंगी किंवा जवळजवळ लाल रंग छापलेली पत्रके आम्ही पाहिली आहेत. किटमधल्या आयत्या भारतीय खुणांत हा दोष जास्त आढळतो.

४. फिल्मचा पसारा. काही पत्रकांत फिल्म फक्त चिन्हापुरती असते. काहींत, विशेषतः छोट्या उत्पादकांच्या पत्रकांत, ती सगळ्या कागदावर पसरलेली असते. तसे असेल तर प्रत्येक चिन्ह कडेला लागून कापावे लागते, नाहीतर सगळे पत्रकच एका तुकड्यात सुटून येते.

५. सोबतची माहिती. कोणते स्क्वॉड्रन, कोणता क्रमांक, कोणते साल, डावी बाजू कशी, उजवी कशी. नुसते "भारतीय वायुसेना" एवढेच छापलेले असेल तर थोडे सावध राहावे.

बाजार कोणाचा?

हा बाजार मोठ्या कारखान्यांचा नाही. अमेरिकेत मायक्रोस्केल, इंग्लंडमध्ये एक्स्ट्राडिकल, बल्गेरियात बेगेमोत, युक्रेनमध्ये प्रिंट स्केल अशी नावे या छंदात सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याशिवाय एक-दोन माणसांनी घरातून चालवलेले कितीतरी उद्योग आहेत. एखाद्याला एका वायुसेनेचे वेड असते. तो वर्षानुवर्षे फोटो गोळा करतो, प्रत्येक अक्षराचे वळण आखतो, कर्ज न काढता जेमतेम काही शे प्रती छापतो आणि त्या संपल्या की पुन्हा छापतोच असे नाही. पूर्वी असे लोक आल्प्स या जपानी कंपनीचे प्रिंटर वापरत, कारण पांढरा रंग छापू शकणारे घरगुती यंत्र म्हणून त्याचाच लौकिक होता. ते प्रिंटर बंद झाले आणि अनेकांचे छोटे व्यवसायही त्याबरोबर थांबले.

म्हणून दोन गोष्टी आम्ही आवर्जून सांगतो. पहिली, हवे असलेले भारतीय पत्रक दिसले तर "पुढच्या वर्षी पाहू" म्हणू नये. दुसरी, कोणाचे पत्रक स्कॅन करून वाटू नये. ग्रुपवर फाईल पाठवणे सोपे असते. पण ज्याने तीन वर्षे फोटो तपासून ते आखले त्याच्या पन्नास प्रती त्यातून कमी खपतात, आणि मग पुढचे भारतीय पत्रक तो काढतच नाही. आपल्या विमानांची पत्रके आधीच कमी आहेत. नुकसान शेवटी आपलेच होते.

खर्चाचाही विचार हवा. पत्रक परदेशातून मागवले तर टपाल आणि कस्टम धरून त्याची किंमत कधीकधी किटच्या जवळ जाते. यावर आमचा उपाय वर्गणीचा आहे. एका पत्रकात बहुधा अनेक विमानांचे क्रमांक असतात. तिघांनी मिळून एक घ्यावे आणि तिघांनी तीन क्रमांक वाटून घ्यावेत. फक्त एक तपासून घ्या : क्रमांक पाच विमानांचे असले तरी गोल आणि स्टेन्सिल किती विमानांना पुरतील एवढे आहेत? पुष्कळदा ते एका-दोनाला पुरतील एवढेच असतात.

विमानाचे केवायसी

कोणाचेही खाते उघडताना आधी माणसाची ओळख पटवावी लागते. विमानाचेही तसेच. चिन्हे लावण्याआधी हे विमान कोण, कोणत्या काळातले, कोणत्या स्क्वॉड्रनचे हे ठरवावे लागते.

राष्ट्रीय गोलापासून सुरुवात करू. भारतीय वायुसेना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या विमानांवर ब्रिटिश पद्धतीचा लाल-पांढरा-निळा गोल होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातला लाल रंग काढून टाकला गेला, कारण जपानी विमानांवरचा लाल सूर्य आणि हा लाल ठिपका यांची दुरून गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळी चालण्याची भीती होती. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र आले. १९५० साली प्रजासत्ताक झाल्यावर आजचा केशरी-पांढरा-हिरवा गोल आला. म्हणजे भारतीय स्पिटफायर करायचे असेल तर कोणत्या सालचे, हे आधी विचारले पाहिजे. सालाप्रमाणे गोल बदलतो.

शेपटीवरचे उभे पट्टे, म्हणजे फिन फ्लॅश, यांत नवशिके हमखास फसतात. शेपटीच्या दोन बाजूंचे पट्टे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. डाव्या बाजूला जो रंग विमानाच्या नाकाकडे, तोच उजव्या बाजूलाही नाकाकडे. दोन्ही बाजूंना डावीकडून उजवीकडे सारखाच क्रम लावला तर एक बाजू चुकलीच.

मग येतो क्रमांक. आपल्या वायुसेनेत क्रमांकाच्या आधीची अक्षरे पुष्कळ काही सांगतात. मिराजमध्ये एकआसनी विमानांना केएफ आणि दोनआसनी विमानांना केटी. जग्वारमध्ये एकआसनीला जेएस, दोनआसनीला जेटी आणि समुद्रावरच्या कामगिरीच्या विमानांना जेएम. सुखोई ३० वर एसबी. तेजसच्या पहिल्या चाचणी विमानांवर केएच होते. ती त्या प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ कोटा हरिनारायण यांच्या नावाची आद्याक्षरे. राफेलवरच्या बीएस आणि आरबी या अक्षरांमागेही बीरेंद्र सिंग धनोआ आणि राकेश कुमार सिंग भदौरिया या दोन वायुसेनाप्रमुखांची नावे आहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर एका शाळकरी मुलाचे सुंदर रंगवलेले एकआसनी मिराज होते. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद वायुसेनेत एअरफ्रेम फिटर म्हणून राबून निवृत्त झालेले. ते आले, चष्मा वर केला, नाक मॉडेलला लागेल इतके वाकून पाहिले आणि म्हणाले, "बाळा, विमान झकास झालंय. पण नंबर केटीचा आहे. मागचा माणूस कुठं बसवलास?" मुलगा आधी गोंधळला आणि मग सगळ्यांबरोबर हसला. त्यानंतर काकांनी अर्धा तास बसून त्याला समजावले की त्यांच्या काळी पत्र्याचे स्टेन्सिल धरून नंबर कसा मारत, रंग ओघळला तर काय करत, आणि हँगरमध्ये विमानाचे नाव कोणी घेत नसे, नुसता नंबर घेत. "एकशे बारा आलं का?" असे विचारायचे, जसे आपण "शेजारचा अमका आला का?" विचारतो. पुढच्या वर्षी त्या मुलाने काकांना विचारून नंबर लावला.

यातली एक गंभीर बाजूही आहे. क्रमांक हा एका खऱ्या विमानाचा असतो आणि त्या विमानाबरोबर खरी माणसे जोडलेली असतात. काही क्रमांक लढाईत गेले, काही अपघातात. मिग २१ ने १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ ला निरोप घेईपर्यंत सहा दशके देशाची सेवा केली, आणि त्या काळात कितीतरी घरांनी आपली मुले गमावली. आपल्या शहरात वायुसेनेची कुटुंबे राहतात. प्रदर्शनाला कोण येईल आणि त्या चार आकड्यांत कोणाला काय दिसेल हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून पत्रकातला "दिसायला छान" नंबर डोळे मिटून लावू नये. त्याची गोष्ट शोधावी. ती दुःखाची असली तरी लावायला हरकत नाही, पण ती जाणून आणि शेजारी दोन ओळी लिहून. मग ती आठवण होते. न जाणता लावलेला नंबर मात्र कोणाला तरी बोचू शकतो.

फोटोंबाबत एक स्पष्ट सूचना : महाराजपूरच्या परिसरात जाऊन कॅमेरा काढायचा नाही. तो प्रतिबंधित भाग आहे. प्रसिद्ध झालेली पुस्तके, मासिके, वायुसेनेने स्वतः दिलेली छायाचित्रे आणि हवाई प्रदर्शनांतले फोटो एवढे साहित्य पुरेसे आहे. एकाच विमानाचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो मिळाले तर उत्तम, कारण विमान एका स्क्वॉड्रनमधून दुसऱ्यात जाते आणि चिन्ह बदलते. ग्वाल्हेरच्या मिराजमध्ये १ नंबरचे टायगर्स, ७ नंबरचे बॅटलॲक्सेस आणि ९ नंबरचे वुल्फपॅक अशी तीन स्क्वॉड्रने. क्रमांक एकाचा आणि बिल्ला दुसऱ्याचा, असे होऊ देऊ नये. पत्रकाबरोबरच्या कागदावर छापले आहे म्हणून ते बरोबरच असे समजू नये. व्हाउचर आणि लेजर जुळले तरच नोंद खरी.

डिकल काय करू शकत नाही

डिकल खूण बदलते, विमानाचा आकार बदलत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण नॅटचे. एअरफिक्सचे बहात्तराव्या भागातले नॅट खूप जणांनी लहानपणी जोडले असेल. ते ब्रिटनच्या रेड ॲरोज चमूचे दोनआसनी ट्रेनर आहे. आपल्या वायुसेनेने लढाईत वापरले ते एकआसनी लढाऊ नॅट. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवरच्या हल्ल्यात एकट्याने शत्रूच्या सेबर विमानांशी झुंजून वीरमरण पत्करणारे आणि परमवीर चक्र मिळवणारे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों याच नॅटमध्ये होते. ट्रेनरवर भारतीय गोल आणि नंबर लावले तरी ते सेखोंचे विमान होत नाही. पुढचे नाक, बसण्याची जागा, पंख, सगळेच वेगळे. अशा वेळी योग्य किट शोधावे, पत्रक नंतर.

मिग २१ मध्येही हेच. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने हे विमान परवान्याखाली बनवले : एफएल, एम आणि बिस अशा तीन जाती. आमच्या काही सभासदांचे नातेवाईक तिथे नोकरीला होते, त्यामुळे या विमानाशी घरगुती नातेही आहे. एफएलची पाठ सडपातळ, बिसची पाठ फुगीर. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगायच्या दोन जागा, एम आणि बिसला चार. एफएलचा नंबर बिसच्या किटवर लावला तर जाणकाराला तो दहा फुटांवरून दिसतो.

लावण्याची पद्धत

आता प्रत्यक्ष काम. पद्धत जगभर जवळपास सारखीच आहे, पण आपल्या हवेप्रमाणे थोडे बदल करावे लागतात.

आधी पृष्ठभाग चकचकीत करावा. लढाऊ विमानाचा रंग बहुधा निस्तेज असतो, आणि निस्तेज रंग भिंगाखाली खरखरीत असतो. त्या खळग्यांत फिल्मखाली हवा अडकते आणि वाळल्यावर पारदर्शक भाग चांदीसारखा चमकतो. मॉडेलवाले याला 'सिल्व्हरिंग' म्हणतात. बिघडलेल्या दहांपैकी आठ मॉडेलमध्ये आम्हाला हाच दोष दिसतो. उपाय एकच : डिकलपूर्वी पारदर्शक चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा, घाई असली तरी एक रात्र.

पाणी कोमट आणि स्वच्छ घ्यावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळल्यावर पांढरे डाग ठेवते, म्हणून फिल्टरचे किंवा डिस्टिल्ड पाणी बरे. चिन्ह धारदार नव्या पात्याने कापावे, चिमट्याने धरून दहा-पंधरा सेकंद बुडवावे आणि बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवावे. पाण्यातच सोडून दिले तर सगळा डिंक धुऊन जातो. बोटाने हलके ढकलून फिल्म सरकते का पाहावे. सरकली की कागदासकट मॉडेलजवळ न्यावे आणि कुंचल्याने जागेवर सरकवावे. कागदावरून उचलून हवेत नेऊ नये, कारण फिल्म स्वतःवरच गुंडाळली तर सोडवणे कठीण.

दोन द्रावणे मदतीला असतात. मायक्रोस्केलचे मायक्रो सेट जागा ओली करून चिकटपणा वाढवते. त्याला व्हिनेगरचा वास येतो, आणि जुने लोक अडचणीला पांढरे व्हिनेगर पाणी घालून वापरतात. दुसरे मायक्रो सोल, फिल्म मऊ करते, म्हणजे पत्र्याच्या जोडरेषांत आणि उंचवट्यांवर ती रंगासारखी बसते. जपानी मिस्टर मार्क सेटर आणि मिस्टर मार्क सॉफ्टर ही त्याच कामाची जोडी. सोल लावल्यावर डिकल सुरकुतते आणि नवशिक्याचा जीव खालीवर होतो. अशा वेळी हात पाठीमागे बांधून बसावे. ओल्या, मऊ फिल्मला बोट लावले तर ती फाटते, आणि नाही लावले तर तासाभरात आपोआप सपाट होते. नवीन पत्रकावर ही द्रावणे वापरण्याआधी न लागणारा एखादा तुकडा टाकाऊ प्लास्टिकवर लावून पाहावा. काही छपाई सोलने विरघळते.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे राहिले असतील तर सुईने टोचून पुन्हा सोलचा थेंब द्यावा. ओल्या कापडाने डिंकाचे डाग पुसावेत, मग वर निस्तेज वॉर्निशचा शेवटचा हात. म्हणजे खूण आणि रंग एकजीव होतात.

हवामानाचे दोन इशारे. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा चालू असेल तर डिकल जागेवर नेईपर्यंत वाळते, म्हणून पंखा बंद ठेवून जागेवर आधी पाण्याचे दोन थेंब सोडावेत. आणि पावसाळ्याच्या दमट दिवशी लाखेचे वॉर्निश फवारू नये. ते दुधासारखे पांढरे पडते. कोरड्या दुपारची वाट पाहावी.

जुनी पत्रके टाकून देऊ नका. फिल्म पिवळी पडली असेल तर पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवावे. पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात तुकडे होतील अशी शंका असेल तर आधी मायक्रोस्केलचे लिक्विड डिकल फिल्म वरून लावून वाळवावे. एवीतेवी पत्रके सपाट, पिशवीत बंद आणि उन्हाने तापणाऱ्या लोखंडी कपाटापासून दूर ठेवावीत.

घरी छापता येईल का?

येते, पण मर्यादा समजून. डिकल छापायचा कोरा कागद पारदर्शक आणि पांढरा अशा दोन प्रकारांत मिळतो. घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पारदर्शक कागदावर छापलेला केशरी रंग गडद पृष्ठभागावर जवळजवळ नाहीसा होतो. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, तेव्हा छापून वाळल्यावर आधी वॉर्निशचा हात द्यावा लागतो. काळे क्रमांक मात्र घरी उत्तम होतात. गोल विकतचे आणि नंबर घरचा, अशी सांगड आमच्यातले अनेक जण घालतात. कोणी व्हिनाइलचे साचे कापून गोल थेट रंगानेच मारतात, अगदी आमच्या फिटर काकांच्या पद्धतीने.

मुलांसाठी हे सगळे करताना पात्याचे आणि थिनरचे काम मोठ्यांनी जवळ बसून करून घ्यावे, खिडकी उघडी ठेवावी. डिकल लावणे मात्र त्यांच्यावरच सोपवावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांची बारीक बोटे या कामात आपल्यापेक्षा सरस असतात.

यंदाच्या प्रदर्शनासाठी

यंदा प्रत्येक मॉडेलशेजारी मराठीत चार ओळींचे कार्ड ठेवायचे आम्ही ठरवले आहे : विमानाची जात, स्क्वॉड्रन, क्रमांक आणि साल, आणि त्या विमानाबद्दल कळलेली एक गोष्ट. ज्यांच्या घरात वायुसेनेत किंवा ओझरच्या कारखान्यात काम केलेले कोणी आहे त्यांनी आम्हाला जरूर भेटावे. जुना फोटो असेल तर तो पाहू द्यावा, आम्ही त्याची प्रत काढून मूळ लगेच परत करू. ज्यांच्याकडे किट आहे पण भारतीय पत्रक नाही त्यांनीही नाव कळवावे, म्हणजे वर्गणीतून एकत्र मागवता येईल. मागणी गणपतीच्या निदान तीन महिने आधी जायला हवी, कारण टपाल आणि कस्टम आपल्या घाईने चालत नाहीत.